विवाहित, पण वेगवेगळे

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी वरदानं हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "अनिश, माझा हप्ता सातशे चौऱ्याण्णव डॉलर झालाय."

अनिश पोह्यांवर लिंबू पिळत होता. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. "एकशे बारा ना?"

"एकशे बारा होता. जुलैपासून सातशे चौऱ्याण्णव."

"काहीतरी घोळ असेल त्यांचा. मी बघतो."

"मी बघतो" हे अनिशचं पेटंट वाक्य होतं. बॉयलर बंद पडो, कौन्सिल टॅक्सचं बिल दोनदा येवो, तो म्हणायचा मी बघतो, आणि खरंच बघायचाही. नागपूरहून इंग्लंडमधल्या रीडिंगला येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. एका इन्शुरन्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. अमुक टाकलं की तमुक बाहेर पडतं, आणि पडलं नाही तर मधे कुठेतरी कुणीतरी चुकलेलं असतं, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

वरदाच्या कर्जाची गोष्ट मात्र जराशी आडवळणाची होती. तिच्या वडिलांना कंपनीनं तीन-चार वर्षांसाठी अमेरिकेत क्लीव्हलँडला पाठवलं होतं. तेवढ्यात ही तिकडे जन्मली आणि शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच सगळे पुण्याला परतले. अमेरिकेची आठवण म्हणून तिच्याकडे काही उरलं नव्हतं, पासपोर्ट तेवढा उरला. त्याच्या जोरावर पुढे तिला स्पीच थेरपी शिकायला तिथल्या सरकारचं शिक्षणकर्ज मिळालं, बहात्तर हजार डॉलर. शिकून ती इंग्लंडला आली. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेलीय अशा माणसांना हॉस्पिटलमध्ये पुन्हा बोलायला शिकवायला लागली.

पण त्या पासपोर्टाला एक शेपूट होतं. अमेरिकेचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहो, दर वर्षी त्यानं तिकडे टॅक्स रिटर्न भरायचंच. इथे भरलेला कर तिथे वजा होतो, त्यामुळे वरदाला द्यावं लागायचं काहीच नाही, पण कागद भरावाच लागायचा. आणि कर्जाचा मासिक हप्ता त्या कागदावर जे उत्पन्न दिसेल त्यावरून ठरायचा. एवढं अनिशला माहीत होतं. आपल्याला सगळं माहीत आहे, असं त्याला वाटत होतं.

सोमवारी ऑफिसमधून लवकर येऊन त्यानं कर्जवाल्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं तेच संगीत ऐकल्यावर एक बाई फोनवर आली.

"कर्ज तुमच्या नावावर आहे का, सर?"

"माझ्या बायकोच्या."

"मग मला तुमच्याशी त्याबद्दल बोलता येणार नाही."

"पण हप्ता एकदम सातपट झालाय. तिचा पगार तर तेवढाच आहे."

"मला तुमच्याशी बोलता येणार नाही, सर. पण सर्वसाधारण माहिती म्हणून सांगते, नवरा-बायकोनं रिटर्न एकत्र भरलं असेल तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं."

"म्हणजे माझा पगार धरला तुम्ही?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"अहो, पगार माझाच आहे ना!"

"हो सर. पण कर्ज तुमचं नाही."

अनिशनं फोन ठेवला. आपला पगार हिशेबात धरला जातो, पण का धरला ते आपल्याला सांगता येत नाही, यातलं कोणतं टोक आधी पकडावं हेच त्याला उमगेना. वरदा हॉस्पिटलमधून आली तेव्हा तो लॅपटॉपवर मागच्या वर्षीच्या रिटर्नची प्रत उघडून बसला होता. पहिल्या पानावर वरदाचं नाव, त्याच्याखाली त्याचं स्वतःचं. सगळ्यात वर पाच चौकटी आणि त्यातल्या दुसरीत फुली: विवाहित, एकत्र भरणार.

वरदानं कोट न काढताच वाकून पाहिलं. "हे कुणी केलं?"

आणि मग त्याला आठवलं.

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात त्यांचं लग्न झालं होतं, नागपुरात. पुढच्या जूनमध्ये रिटर्नची तारीख आली तेव्हा वरदा हॉस्पिटलच्या कामानं बेजार होती. अनिश म्हणाला होता, मी बघतो. त्यानं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं, रविवारची दुपार काढली. दुसऱ्याच पानावर प्रश्न आला: तुम्ही विवाहित आहात, तर एकत्र भरणार की वेगवेगळे? अनिशला तेव्हा गंमत वाटली होती. भारतात आईबाबांचे रिटर्न कायम वेगवेगळे. इथे ब्रिटनमध्ये तर कुणी विचारतच नाही, ज्याचा त्याचा कर ज्याच्या त्याच्या पगारातून कापला जातो. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी सरकारनं त्याला विचारलं होतं, तुम्ही दोघं एकत्र ना? नवं नवं लग्न. तो "हो" म्हणाला. त्यापुढे सॉफ्टवेअरनं आणखी एक पान दाखवलं होतं, की जोडीदार अमेरिकन नसेल तर त्याला करापुरतं अमेरिकेचा रहिवासी मानावं अशी दोघांची इच्छा आहे, वगैरे. त्यानं तेही मान्य केलं. आणि वरदानं तव्यावर थालीपीठ असताना, एका हातात उलथनं धरून, दुसऱ्या हातानं फोनवर सही ओढली होती.

"सही तूही केलीस," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

"केली. न वाचता केली, ती माझी चूक." वरदा शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की अनिशला जास्त भीती वाटायची. "पण तू वाचून केलंस ना? मग मला का नाही विचारलंस?"

विचारण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्याला वाटलं नव्हतं.

* * *

ओळखीतल्या एकांनी लंडनमधल्या एजवेअरच्या ईशिताचं नाव सुचवलं. ती अकाउंटंट, जन्म इथलाच, आईवडील मूळचे साताऱ्याचे. इंग्लंडात राहणाऱ्या अमेरिकनांचे रिटर्न भरणं हाच तिचा धंदा. भेटीआधीच तिनं ईमेलवर प्रश्नांची एक यादी पाठवली. तेरावा प्रश्न होता, जोडीदाराचं इतर देशांत कुठल्याही खात्यात नाव आहे का, संयुक्त असलं तरी.

तिथे येऊन अनिश अडला. बाबांची ठेव! मुरलीधररावांनी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेले अठरा लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले होते, आणि दुसरं नाव त्याचं घातलं होतं. आपण गेल्यावर मुलाला खेटे घालायला नकोत म्हणून. त्या ठेवीच्या व्याजाचा अमेरिकन रिटर्नमध्ये उल्लेखही नव्हता.

रविवारी त्यानं नागपूरला फोन केला.

"बाबा, त्या एफडीचे व्याजाचे कागद हवे होते. आणि तो टॅक्स तुम्हीच भरता, त्याचेही."

"काहून? पैशाची अडचण आहे का?"

"नाही हो. अमेरिकेला दाखवायचेत."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग, "तू अमेरिकेला चालला का?"

"नाही, इथेच आहे."

"मग अमेरिकेला माह्या एफडीचं काय करायचं आहे? मी गोंदियाच्या पुढे कधी गेलो नाही."

अनिश समजावायला लागला. वरदाचा पासपोर्ट, कर्ज, रिटर्न, चौकट, फुली. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाच मधलं एक पाऊल सापडत नाहीये. शेवटी त्यानं आवरतं घेतलं, "थोडक्यात बाबा, मागच्या वर्षी आम्ही एकत्र होतो, आता वेगळं व्हायचंय. वकिलासारखी एक बाई आहे, तिच्याकडे जातोय शनिवारी."

एवढं बोलून तो थांबला. पलीकडून कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग त्याची आई फोनवर आली.

"अनिश," सुचेताबाई म्हणाल्या, "दीडच वर्ष झालं रे. काय करून राहिला तू? वरदाला दे फोन."

वरदानं फोन घेतला. आई काहीबाही बोलत होत्या, ती ऐकत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी, मग आश्चर्य, मग हसू आलं. "नाही हो आई, घटस्फोट नाही. फॉर्म आहे, फॉर्म. नाही, खरंच. हो, जेवतोय की. काल त्यानंच केली होती भाजी." फोन ठेवल्यावर मात्र ती हसत नव्हती. "तू त्यांना नीट सांगू शकला नाहीस, कारण तुलाच नीट कळलेलं नाहीये," ती म्हणाली. "आणि मला त्याचाच राग येतोय. न कळलेल्या गोष्टीत तू मला घेऊन उतरलास."

* * *

शनिवारी दोघं एलिझाबेथ लाइननं निघाले, टॉटनहॅम कोर्ट रोडला गाडी बदलून एजवेअरला उतरले. पावणेदोन तासांच्या प्रवासात दोघं चार वाक्यं बोलले असतील. ईशिताचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर होतं. चाळिशीची, केस आखूड कापलेली, मराठी बोलायची हौस मोठी.

"बसा, बसा. माझा मराठी थोडा वीक आहे, पण आई म्हणते प्रॅक्टिस करत राहा." तिनं दोघांसमोर चहा ठेवला आणि कागद पसरले. "ओके. मागच्या वर्षीची रिटर्न चेंज नाही होत. एकत्रचा वेगळा करता येत नाही, डेडलाइन गेला. तो विसरा."

"आणि या वर्षी?" वरदानं विचारलं.

"या वर्षी तुम्ही सांगू शकता, की नवऱ्याला अमेरिकेचा रहिवासी मानायचा जो चॉइस केला, तो आम्ही मागे घेतो. मग तुम्ही भरा 'विवाहित, वेगवेगळे'. फक्त तुमचा पगार दिसेल. मग लोनवाल्यांना ती नवीन रिटर्न पाठवा, हप्ता परत खाली. पंधरा जूनच्या आधी सगळा."

अनिशनं सुटकेचा श्वास टाकला. "मग करून टाकू."

"पण एक आहे." ईशितानं पेन खाली ठेवलं. "हा चॉइस एकदा मागे घेतला की परत कधी नाही करता येत. नेव्हर. तुम्ही दोघं असेच राहिलात, ती अमेरिकन, तू नाही, तर परत कधीच एकत्र नाही भरायचा."

"कधीच?"

"कधीच. कागदावर तसाच लिहिलाय."

अनिशनं तो कागद हातात घेतला. तीन ओळींचं निवेदन होतं, खाली सहीसाठी दोन रेघा. असल्या कागदांनी माणसाला काही वाटू नये, हे त्याला कळत होतं. तरी त्याचा हात पुढे होईना. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. वरदाचं जुनं काम लीड्सला होतं, तो इथे, दर शुक्रवारी कुणीतरी एक गाडीत. रीडिंगला बदली मिळवायला तिनं किती अर्ज केले होते. आणि आता पुन्हा कधीही एकत्र नाही, असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं.

"याचे काही पुढे परिणाम?" त्यानं विचारलं. "म्हणजे व्हिसाला वगैरे. कुणी विचारलं की तुम्ही वेगवेगळे का..."

"काही नाही. माझ्या क्लायंट्समध्ये नव्वद टक्के असेच भरतात. चाळीस-चाळीस वर्षं लग्न झालेले." ईशिता हसली. मग वरदाकडे वळून म्हणाली, "बाय द वे, लॉमध्ये एकाचा सही पण चालतो. तुमची एकटीची पुरे."

अनिशनं वरदाकडे पाहिलं. ती आता पेन उचलेल असं त्याला वाटलं. तिच्या जागी तो असता तर त्यानं उचललं असतं, आणि म्हणाला असता, झालं, मी बघितलं.

वरदानं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "आम्ही बोलून घेतो," ती म्हणाली.

निघता निघता ईशितानं एक काम सांगितलं. मागच्या वर्षी ठेवीचं व्याज दाखवायचं राहिलं होतं, ते दुरुस्तीपत्रात कळवायला हवं. त्यासाठी वडिलांकडून लेखी पाहिजे होतं, की पैसा त्यांचा आहे, मुलाचं नुसतं नाव आहे, व्याजावर त्याचा हक्क नाही.

* * *

स्टेशनजवळ एका कॅफेत ते बसले. बाहेर बसस्टॉपवर गुजराती आजींचा एक घोळका मोठमोठ्यानं काहीतरी ठरवत होता.

"केली का नाहीस सही?" अनिशनं विचारलं.

"कारण मागच्या वेळी तू मला न सांगता केलंस, ते मला लागलं. मग मी तेच तुला कसं करू?"

"पण वरदा, मी चांगल्यासाठी..."

"माहितीये मला." तिनं कप बाजूला सरकवला. "लग्नाआधी मी तुला काय सांगितलं होतं? ज्या दिवशी आपण नदीकाठी फिरायला गेलो होतो, त्या दिवशी."

"कर्जाबद्दल सांगितलंस. बहात्तर हजार."

"आकडा आठवतोय. पुढचं वाक्य?"

त्याला आठवेना.

"मी म्हटलं होतं, हे माझं आहे आणि मी फेडणार आहे. तू म्हणालास, ठीक आहे. अनिश, मला मदत नको होती असं नाही. पण चोवीस वर्षांची असताना मी एकटीनं सही करून घेतलेली ती पहिली गोष्ट होती. बाबा तेव्हा नको म्हणत होते. ती मी एकटीनं पार पाडावी, एवढंच मला हवं होतं. आणि तू एका फुलीत ती आपली करून टाकलीस."

"मला वाटलं, आपलं म्हटलं की तुला बरं वाटेल."

"बाकी सगळं आपलंच म्हण ना. एवढं माझं राहू दे."

हे त्याला कळलं की नाही, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. लग्न म्हणजे सगळं एका खात्यात, असंच तो आजवर धरून चालला होता. त्याच्या घरी बाबांचा पगार, आईच्या शिवणाचे पैसे, आजोबांची पेन्शन, सगळं एकाच स्टीलच्या कपाटात जायचं आणि तिथूनच निघायचं. त्यातलं कुणाचं काय हे कुणी विचारलं नव्हतं. किंवा आईनं कधी विचारलं असेल आणि आपल्याला ऐकू आलं नसेल. ही शंका त्याला पहिल्यांदाच त्या कॅफेत आली, आणि तो आणखीच गोंधळला.

"दे पेन," तो म्हणाला.

"पूर्ण वाच आधी."

त्यानं वाचलं. तीन ओळी, दोनदा. मग सही केली. त्याच्याखाली वरदानं केली. दोघांच्या सह्या एकाच कागदावर, एकत्र नसल्याच्या. त्याला हसू आलं, आणि हसू का आलं हेही त्याला नीटसं कळलं नाही.

* * *

बाबांचं पत्र आठ दिवसांनी आलं, फोटो काढून व्हॉट्सॅपवर. सरकारी कागदाला साजेशा ठळक, उभ्या अक्षरात. सदर ठेवीची रक्कम माझ्या सेवानिवृत्तीची असून तीवर व त्यावरील व्याजावर माझा एकट्याचा हक्क आहे, चिरंजीव अनिश याचे नाव केवळ सोयीसाठी आहे, व्याजावरील कर मी स्वतः भरतो. आणि त्याखाली, कुणी न सांगता, आणखी एक ओळ: माझ्या पश्चात सर्व त्याचेच आहे.

अनिशनं ते दोनदा वाचलं आणि फोन लावला. "बाबा, शेवटची ओळ नको होती त्यांना."

"मला पाहिजे होती," मुरलीधरराव म्हणाले. "पोराचा हक्क नाही असं मीच लिहून देतो, आणि पुढचं नको लिहू? आमच्या हाफिसात असा अर्धा कागद कोणी घेतला नसता. तुह्या आईनं पण सही केली साक्षीदार म्हणून, पाहिली ना?"

कोपऱ्यात आईची सही होती. वळणदार, पूर्ण नावानिशी. आईची सही आपण आयुष्यात कितीदा पाहिली असेल, असं मनात येऊन तो थांबला.

ईशितानं पत्र इंग्रजीत उतरवून जोडलं. शेवटची ओळ तिनं काढली नाही. "असू दे," ती फोनवर म्हणाली, "छान वाक्य आहे. अमेरिकेत पण कुणीतरी वाचेल."

बारा जूनला दोघं दुपारच्या सुट्टीत पोस्टात गेले आणि जाडजूड लिफाफा ट्रॅकिंग लावून पाठवला. जुलै आणि ऑगस्ट, दोन महिने सातशे चौऱ्याण्णव भरावे लागले. पहिल्या महिन्यात अनिशनं विचारलं, "मी निम्मे देऊ?" वरदानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "उसने दे." त्यानं उसने दिले. तिनं फ्रिजवर चिठ्ठी लावून त्यावर आकडा लिहिला. ती चिठ्ठी पाहून आधी त्याला परक्यासारखं वाटायचं. पुढे पुढे तो जाता-येता त्या चिठ्ठीकडे बघायचा थांबला.

सप्टेंबरात नवं पत्र आलं: एकशे एकतीस. वरदानं ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट, आणि प्रत्येक ओळीनंतर विचारलं, "कळलं?" दोनदा त्यानं "नाही" म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही एक वाक्य त्याला कळलं नाही, आणि मग असं निघालं की ते तिलाही कळलेलं नव्हतं. तेव्हा दोघांनी मिळून ईशिताला ईमेल लिहायला घेतलं.